पाइप संपतो तिथून पुढे

आल्डीसच्या संगणकावर क्वाम्सदालुर खोऱ्याची गरम पाण्याची लाइन एखाद्या पानं झडलेल्या फांदीसारखी दिसायची. बुडाशी बोअर, तिथे जमिनीतून चौऱ्याहत्तर अंशांचं पाणी वर यायचं. तिथून सात किलोमीटर जाड पाइप, त्याला दोन्ही अंगांनी चिकटलेली सतरा घरं, एक शाळा, एक चर्च. मग अगदी टोकाला चार किलोमीटरांची एकच बारीक काडी आणि तिच्या शेवटी एकच घर, एफ्स्ताकोट. सगळी फांदी हिरवी होती. काडी तेवढी लाल.

ती लाल का, हे आल्डीसला कुणी सांगायला नको होतं. पाइपातून पाणी कसं जाईल, कुठे किती दाब उरेल, किती ऊब उरेल, याची गणितं मांडण्यात अकुरेरी शहरातल्या त्या कचेरीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. पाणी जितकं सावकाश चालेल तितकं वाटेत निवतं. एकट्या म्हातारीच्या घराला पाणी लागून लागून लागणार किती? ते मुंगीच्या पावलाने चार किलोमीटर जाणार, वाटेत गोठलेली जमीन त्याची ऊब पिऊन टाकणार, आणि घरापाशी पोचेपर्यंत एकतीस अंश उरणार. एकतीस अंशांत हात धुता येतात, घर तापत नाही.

म्हणून ही शेवटची शाखा बंद करावी असं खोऱ्याच्या समितीच्या मनात होतं. बैठक मार्चमध्ये होती आणि आल्डीसने त्याआधी अहवाल द्यायचा होता. एफ्स्ताकोटच्या फिन्नाला विजेचे हीटर मिळणार होते, किंवा नको असतील तर शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली. त्या खोऱ्यात वादळ आलं की विजेच्या तारा पडायच्या, त्यामुळे यातलं खरं काय होणार ते सगळेच जाणून होते. आल्डीसच्या वडिलांनाही असंच शेतावरून शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. पुढचा वसंत त्यांनी पाहिला नाही. हे ती कचेरीत कुणाला बोलली नव्हती, पण एफ्स्ताकोटची फाइल तिने तीनदा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली होती.

चौथ्यांदा मात्र ती उघडून बसली आणि तिला टोर्फीचे आकडे दिसले. टोर्फी हा त्या लाइनचा राखणदार. आधी मेंढ्या पाळायचा, लाइन टाकली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तिची देखभाल करत होता. दर महिन्याला तो प्रत्येक घराशी येणाऱ्या पाण्याचं तापमान वहीत लिहून पाठवायचा. एफ्स्ताकोटपुढे अकरा वर्षं एकच आकडा होता. सहासष्ट.

तिने त्याला फोन लावला आणि थर्मामीटर बिघडलाय असं सांगितलं.

"तीन बदलले," टोर्फी म्हणाला. "तिन्ही एकदम बिघडले म्हणायचे."

"अरे, गणितात बसत नाही ते."

"मग गणिताला म्हणावं, येऊन हात लाव. पोळला की कळेल त्याला."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. बरोबर दोन थर्मामीटर घेतले, दोन्ही प्रयोगशाळेतून तपासून आणलेले. हवा उणे सहा, आभाळ स्वच्छ, वारा नावालाही नव्हता. टोर्फी जाड पाइप संपतो त्या चेंबरपाशी जीप लावून थांबला होता. लोखंडी झाकण उचलून ती आत उतरली, शाखेत किती पाणी शिरतं ते मोजलं. एका माणसाला पुरेल एवढंच. सॉफ्टवेअर अगदी तेच सांगत होतं. मग ते एफ्स्ताकोटला गेले. घराच्या भिंतीलगत पाइप वर येत होता तिथे तिने दोन्ही थर्मामीटर लावले आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिली.

सहासष्ट पूर्णांक दोन. दोन्हींवर.

टोर्फी तपकिरीची चिमूट नाकात ओढून डोंगराकडे बघत राहिला.

ती जीपमध्येच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मॉडेल तिचं स्वतःचं होतं, त्यातल्या उणिवाही तिला पाठ होत्या. त्याला वाटतं पाइप कायम भरलेला असतो. त्याला वाटतं जमीन सगळीकडे सारखीच थंड असते, माणसं सरासरीने अंघोळ करतात आणि सरासरीने झोपतात. या सगळ्यामुळे दोन-चार अंशांचा फरक पडतो. पस्तीस अंशांचा पडत नाही. वाटेत किती ऊब गळते तो आकडा ती कमी करत गेली, करत गेली, आठव्या हिश्श्यावर आणला तेव्हा कुठे सहासष्ट आले. इतकी कमी ऊब गळू देणारा पाइप कुणी बनवतच नाही, आणि पडद्यावर चौकट उमटली: हा आकडा या पाइपाला शक्य नाही.

मग तिने एक खोटंच घर मांडलं. एफ्स्ताकोटच्या पुढे अजून कुणी पाणी ओढत असेल तर शाखेतलं पाणी जोरात धावेल आणि गरम पोचेल, एवढाच त्यातला विचार. कुठेतरी ठेवायचं म्हणून ते घर तिने वरच्या माळावर ठेवलं. त्यात एक माणूस घातलं. दोन. तीन. पाचव्या माणसाला एफ्स्ताकोटचा आकडा सहासष्ट पूर्णांक दोनवर येऊन थांबला.

पण तसं असतं तर चेंबरमध्ये सहा माणसांचं पाणी मोजलं गेलं असतं. बोअरमधून निघालेलंच नाही ते पाणी पुढे जाणार कुठून? तिने ते घर पुसून टाकलं.

"झालं तुझं?" टोर्फीने काचेवर टकटक केली. "झालं असेल तर उतर. एक दाखवायचंय."

गरम पाइपाच्या वर बर्फ टिकत नाही. खोऱ्यात लाइन कुठून गेली आहे हे हिवाळ्यात कुणालाही दिसायचं, पांढऱ्यात काळसर मातीचा हातभर रुंद पट्टा. एफ्स्ताकोटपर्यंत तो आला होता, तसा यायलाच हवा होता. पण तो घरापाशी थांबला नव्हता. घराला वळसा घालून, मेंढवाड्याचं कुंपण ओलांडून, तो सरळ माळावर चढत गेला होता.

पट्ट्याच्या कडेने लोखंडी पहारी रोवलेल्या होत्या. पहिली कुंपणाशी, दुसरी तिच्यापासून तीनशे-साडेतीनशे पावलांवर, मग तिसरी. दर हिवाळ्याला पट्टा जिथे संपतो तिथे एक रोवतो, असं टोर्फीने सांगितलं. अकरा होत्या.

तिने फावडं मागितलं. पाइपाचं शेवटचं तोंड भिंतीपासून दोन मीटरवर पुरलेलं होतं, त्याचा नकाशा तिच्याकडे होता. तासाभरात सापडलं. टोपण बसवून वितळवून बंद केलेलं, कालच केल्यासारखं, एक थेंब पाझरत नव्हता. मग ती पुढे पट्ट्यात खणू लागली. दोन्ही बाजूंची जमीन दगडासारखी होती, पट्ट्यात मात्र फावडं लोण्यात जावं तसं जात होतं. मीटरभर खोल गेली. पाइप नव्हता, पाणी नव्हतं, वाफ नव्हती. ओली, काळी माती होती आणि तिला हात लावला की नुकत्याच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी वाटत होती.

"कुणाला सांगितलंस हे?"

"कुणाला सांगू? तुझ्या त्या संगणकाच्या डब्याला?"

फिन्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिने हाताने खुणावलं, कॉफी झाली आहे.

एक्याऐंशी वर्षांची, काटक, दोन स्वेटर घातलेली बाई. टेबलावर तिने चपटी भाकरी आणि धुरी दिलेल्या मटणाचे पातळ काप मांडले होते. आल्डीसने पाइपाविषयी विचारलं, पाणी कुठे सोडून ठेवतेस का, कुणी मागे जोड दिला होता का. फिन्नाने सगळ्याला नाही म्हटलं. मग आल्डीसने विचारलं, वर माळावर काय आहे.

"हेल्लुसेल," फिन्ना म्हणाली. "होतं. माझी आई तिथली."

तिने जे सांगितलं ते थोडक्यातच सांगितलं. एकोणीसशे अठराचा हिवाळा, समुद्र गोठला होता तो. हेल्लुसेलमध्ये चूल विझली आणि ओल्या गवऱ्या पेटेनात. सगळ्यांत थोरली मुलगी आठ वर्षांची, तिला लोखंडी हंडी देऊन खाली एफ्स्ताकोटला निखारे आणायला पाठवलं. ती पोचली. निखारे मिळाले. पण तोवर वादळ उठलं आणि इथल्या लोकांनी तिला परत जाऊ दिलं नाही. बांधून ठेवावं लागलं, एवढी ती दाराकडे धावायची. नवव्या दिवशी वादळ शमलं तेव्हा माणसं वर गेली. आईबाप, आजी, बापाचा भाऊ आणि सगळ्यांत धाकटी, नुकती पावलं टाकायला लागलेली बहीण. पाचही जण एकाच पलंगावर होते.

"आई मग इथेच वाढली. इथल्याच मुलाशी लग्न केलं. जन्मभर रात्रीची चूल विझू द्यायची नाही." फिन्नाने कपाला हात लावला, गरम आहे की नाही बघावं तसा. "निखारे पोचवायचे राहिले, एवढंच म्हणायची. दुसरं कधी काही बोलली नाही."

फिन्नाने कप पुन्हा भरले.

"तू बंद करणार आहेस का गं ते?" फिन्नाने विचारलं.

आल्डीसने खरं ते सांगितलं. अजून ठरलेलं नाही.

"माझं काय, मी जाईन कुठेही," फिन्ना म्हणाली. "पण यंदा अगदी जवळ पोचलंय."

दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजता, उजाडल्याबरोबर, आल्डीस आणि टोर्फी पट्ट्याच्या कडेने वर चालत निघाले. अडीच किलोमीटर. तिने पावलं मोजण्याच्या यंत्रावर बघितलं आणि तिला आठवलं, खोट्या घराचं टिंब तिने पडद्यावर नेमकं एवढ्याच अंतरावर ठेवलं होतं. टोर्फीला ती ते बोलली नाही.

अकराव्या पहारीनंतर पट्टा अजून चाळीस पावलं गेला होता. पुढे हेल्लुसेलच्या भिंती, म्हणजे बर्फातून डोकावणारे गवताळ उंचवटे, गुडघाभर उरलेले. टोर्फी उंचवट्याबाहेरच थांबला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

ती आत गेली.

आत बर्फ नव्हता. एका लहान खोलीएवढी चौकोनी जागा, आणि तिच्यात फेब्रुवारीच्या मध्यावर हिरवंगार, घोट्याएवढं गवत. तिने हातमोजा काढून जमिनीला हात लावला. उबदार होती.

भिंतीकडच्या बाजूला गवत दबलेलं होतं. मेंढी बसून उठली की दबतं तसं. पण लांबट.

शेजारी शेजारी, एकमेकांना खेटून. चार लांब. मध्ये एक आखूड.

त्या दबलेल्या गवतावर दंव होतं. बाकी कुठेच नव्हतं.

तिने थर्मामीटर काढला. उबदार गवतात टोचला, एकवीस. एका लांब जागेत टोचला.

उणे एकोणीस.

दुसऱ्या जागेत. उणे एकोणीस. तिसऱ्या, चौथ्या.

मधल्या आखूड जागेपाशी ती गुडघ्यांवर बसली. तिथलं दंव कडेकडेने विरघळू लागलं होतं. काट्याकडे बघत राहिली. उणे दोन. उणे दोन. मग उणे एक.

तिने थर्मामीटर हलकेच बाहेर ओढला, झोपलेल्याखालून हात काढून घ्यावा तसा.

उतरताना टोर्फीने काय दिसलं ते विचारलं नाही. चेंबरपाशी जीपमधून उतरताना एवढंच म्हणाला, "मी पण एकदाच गेलो होतो आत."

अहवाल लिहायला तिला चार दिवस लागले. खोटं लिहिणं तिला जमणार नव्हतं. माळावर एक घर मांडून सगळे आकडे जुळवून देता आले असते, कुणी तपासलंही नसतं. पण एकोणीस वर्षांत तिने नसलेलं घर कधी मांडलं नव्हतं. शेवटी तिने तीन वाक्यं लिहिली. या शाखेला आमचं मॉडेल लागू पडत नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानावर भरवसा ठेवावा. शाखा चालू ठेवावी.

विभागप्रमुख हाउकोन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. चांगला माणूस, पण आकड्यांचा पक्का.

"लागू पडत नाही म्हणजे? सगळ्या देशाला पडतं."

"ते धरून चालतं, की पाइप संपला की पाण्याचं काम संपलं."

"मग? संपतंच ना?"

"मी मोजून आले, हाउकोन," ती म्हणाली. "सही करायची तर कर."

त्याने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली. समितीने शाखा अजून तीन वर्षं चालू ठेवायचं ठरवलं.

उन्हाळा गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फानंतर टोर्फीचा फोन आला. पट्टा या वर्षी घरापुढे गेलेलाच नाही, म्हणाला. माळ सगळा पांढरा, हेल्लुसेलही पांढरं, पहारी गळ्यापर्यंत बुडाल्यात. पण घरापर्यंतचा पट्टा दुप्पट रुंद झालाय. आणि फिन्नाच्या घरात पाणी जास्त जायला लागलंय, चेंबरमध्येच मोजलं.

"किती?"

त्याने आकडा सांगितला. सहा माणसांना लागेल एवढा.

तिने तो सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळं जुळलं. काडी हिरवी झाली. आता कुठेही अशक्य आकडा घालावा लागत नव्हता, कुठे खोटं घर लागत नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं.

सॉफ्टवेअर एक गोष्ट विचारतच नाही. पाणी घरात शिरल्यावर पुढे काय होतं ते. घराने ऊब घेतली की पाणी तीस-पस्तीस अंशांचं होऊन बाहेर पडतं, असं ते धरून चालतं, आणि ते बरोबरच असतं. वापरलेलं पाणी एफ्स्ताकोटच्या मागच्या नळीतून ओढ्यात पडायचं. टोर्फीने आपणहून तिथेही थर्मामीटर धरला होता.

आत जाताना सहासष्ट. बाहेर पडताना चार.

खोली बावीस अंशांची असेल तर तिच्यातून जाणारं पाणी बावीसच्या खाली जाऊ शकत नाही. हे गणित शाळेतल्या मुलालाही येतं.

जानेवारीत ती स्वतः गेली. फिन्ना दाराबाहेर पायरीवर आली आणि दार मागे ओढून घेतलं. गालांवर लाली होती, वर्षभरापूर्वीपेक्षा चांगली दिसत होती. आत ये म्हणाली नाही. उन्हाळ्यात ये, तोवर सगळं नीट होईल, असं म्हणाली, आणि कागदात बांधलेलं गोड तळण हातात दिलं. सहज मोठा घाणा काढला होता, उरलं, म्हणाली.

जीपकडे जाताना आल्डीसने मागे वळून खिडकीकडे बघितलं. काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी होती. खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, कुणीतरी तोंडाची वाफ सोडून बाहेर बघण्यापुरती एक गोल जागा साफ केली होती.

त्यानंतर ती गेली नाही. टोर्फी दर आठवड्याला मागच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा पाठवायचा आणि ती तो वहीत उतरवायची, संगणकात नाही. अकरा. सतरा. फेब्रुवारीत तेवीस. बाहेर वादळ असो की निरभ्र आकाश, आकडा मागे फिरला नाही. मार्चच्या मध्यावर तो छत्तीस पूर्णांक आठवर, माणसाच्या अंगाच्या उबेवर, आला आणि तिथेच थांबला. सकाळी मोजा, दुपारी मोजा, तोच. तिने तो आकडा लिहिला आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी ती शांत झोपली.

एप्रिलमध्ये खोऱ्यात फ्लूची साथ आली. शाळा आठवडाभर बंद होती. त्या मंगळवारी टोर्फीने पाठवलेला आकडा एकोणचाळीस पूर्णांक दोन होता. बुधवारी तेवढाच. तिने त्याला फोन केला, फिन्ना बरी आहे का विचारलं.

बरी आहे, टोर्फी म्हणाला, ठणठणीत आहे. फक्त औषधाच्या दुकानातून लहान मुलांचं तापाचं औषध आणायला सांगितलं, ते पोचवून आत्ताच परत आलो. दुकानातल्या मुलीने विचारलं होतं की औषध वजनावर द्यायचं असतं, तर बाळाचं वजन किती. त्याने तिथूनच फिन्नाला फोन लावून विचारलं.

"काय म्हणाली?"

"उचलून बघते म्हणाली. फोन खाली ठेवला, आली परत." टोर्फीचा आवाज अगदी साधा होता. "म्हणाली, अजून तरी काहीच भरत नाही."